वाटीभर म्हणजे किती ग्रॅम

घरमालकांकडे मी पहिल्यांदा काही मागितलं ते वाटीभर बेसन. जे. पी. नगरमधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. रविवार होता, झुणका करायचा होता आणि नागपूरहून आणलेलं बेसन प्रवासात बॅगेतच सांडलं होतं. खाली जाऊन बेल वाजवली. दार त्यांनीच उघडलं. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, पायात घरातल्या घरात घालायच्या चपला.

"काका, वाटीभर बेसन मिळेल का?"

"कोणती वाटी?"

मला प्रश्न कळला नाही. मी दोन्ही हातांनी वाटीएवढा गोल करून दाखवला. त्यांनी त्या गोलाकडे नीट पाहिलं आणि मान हलवली.

"असं नाही चालत. किती ग्रॅम?"

"आई फोनवर एक वाटी म्हणाली."

"मग आईंना विचारा, वाटी किती मिलिलिटरची. आणि बेसन चाळलेलं की न चाळलेलं. सपाट की शीग लावून."

मी खरंच तिथे उभ्याउभ्या आईला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, आपली नेहमीची वाटी." हे उत्तर मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटले. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, शंभर ग्रॅम द्या आणि सोडा त्या पोरीला. भूक लागली असेल तिला."

मग पंखा बंद झाला, कारण वाऱ्याने काटा हलतो. खिडकी बंद झाली. बेसन कागदावर पडलं, चमच्याने थोडं परत डब्यात गेलं, पुन्हा चिमूटभर आलं. पुड्यावर पेनने '१००' लिहून त्यांनी तो माझ्या हातात दिला. दोन दिवसांनी मी बेसन परत केलं तर ते पंखा बंद करून मोजलं गेलं आणि जास्तीची एक छोटी पुडी मला परत मिळाली. तिच्यावर '१२' लिहिलं होतं.

पुढे तीन वर्षं मी त्या घरात राहिले.

काका एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले होते. तिथे बाकीची माणसं यंत्रांचे भाग बनवत, काही माणसं ते भाग मोजत, आणि काका त्या मोजणाऱ्यांची उपकरणं बरोबर मोजतात का ते मोजत. नोकरीभर त्यांनी एवढंच केलं. निवृत्तीनंतर हातात काही उरलं नाही तेव्हा त्यांनी स्वयंपाकघर हाती घेतलं. म्हणजे स्वयंपाक नाही, स्वयंपाकातली मापं. ओट्यावर पांढरा वजनकाटा आला. कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटला: दोन माणसांच्या आमटीला तूरडाळ किती, पोह्यांना पोहे किती, फोडणीला मोहरी किती, सगळं ग्रॅममध्ये. मीठ तर दशांशात, कारण काकांना रक्तदाब होता.

काकू धारवाडच्या. बोलताना मध्येच "सरी बिडी", म्हणजे बरं, सोडा, असं म्हणून विषय संपवायची त्यांची सवय होती. इतकी वर्षं त्यांनी मुठीने आणि चिमटीने स्वयंपाक केला होता. काटा आला तेव्हा घरी राहायला आलेल्या पाहुण्याला जागा करून द्यावी तशी त्यांनी ओट्यावर काट्याला जागा करून दिली आणि प्रत्येक जिन्नस आधी त्याच्यावर ठेवायला लागल्या. मी एकदा विचारलं, "काकू, कंटाळा नाही येत?"

"घरात बसलेल्या माणसाला काहीतरी विचारायला लागतं गं," त्या म्हणाल्या. "किती झाले, किती झाले, असं दिवसातून दहा वेळा विचारतात. नाहीतर काय बोलणार आम्ही?"

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काका महिन्यातून एकदा आपलं दोनशे ग्रॅमचं पितळी वजन घेऊन जात. मखमलीच्या अस्तराच्या डबीत ते असे, आणि ते बोटांनी नाही, छोट्या चिमट्याने उचलायचं असे. दुकानदार "बन्नी सार, बन्नी", या, या, म्हणत स्वतःच काटा पुढे सरकवायचा. बाकीची गिऱ्हाइकं तपासणी होईपर्यंत थांबत. त्यांनाही तेवढीच काट्याची खात्री होई. काटा कधी चुकीचा निघाला नाही. काका दर वेळी "ठीक आहे" म्हणत आणि थोडे खट्टू होऊन परत येत, असं मला वाटायचं.

वाटीबद्दल मात्र त्यांच्या मनात राग होता. "वाटी हे भांडं आहे, माप नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांनी गल्लीतल्या पाच घरांतून पाच वाट्या आणून त्यांत पाणी भरून पाहिलं होतं. सगळ्यात लहान वाटीच्या जवळजवळ दुप्पट पाणी मोठीत मावलं. "आता हिने तिला सांगितलं, एक वाटी साखर घाल. काय समजायचं माणसाने?" आणि एकच वाटी घेतली तरी सुटका नाही. तीच वाटी मिठाने भरली तर दोनशे ग्रॅमच्या वर, रव्याने भरली तर दीडशे, पातळ पोह्यांनी भरली तर चाळीससुद्धा नाही. हे आकडे ते मला जिन्यात थांबवून सांगत. ऑफिसला उशीर होत असला तरी मी ऐकून घ्यायची, कारण ते ज्या तऱ्हेने सांगत त्यात एक कळकळ असायची. कुणीतरी कुणाला तरी फसवतंय आणि लोकांना पत्ताच नाही, अशी.

शेजारच्या अक्कांशीही त्यांचं यावरूनच बिनसलं होतं. अक्का सासूच्या वेळच्या पितळी पावुने तांदूळ मोजत. पावु, म्हणजे गडव्याच्या आकाराचं जुनं कन्नड माप. काकांनी ते मागून नेलं, मोजलं आणि परत देताना सांगितलं की हे कमी भरतं. अक्का महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काकूंना मात्र त्या महिन्यातही कुंपणावरून सांबाराचं पातेलं येत राहिलं.

रविवारी दुपारी मी बहुतेक त्यांच्याकडेच जेवायची. माझ्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, जेवणात काहीतरी बिघडायला लागलं. एका रविवारी आमटी खारट, पुढच्या रविवारी अळणी. भात कधी उरायचा, कधी पुरायचा नाही. मला त्याचं काही वाटलं नसतं, पण त्या घरात असं होत नसे. वरच्या मजल्यावर मला काकांचा आवाज ऐकू यायला लागला. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, प्रत्येक शब्द सुटा करून बोलायचे, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

"लक्ष कुठे असतं तुझं? तक्त्यात मिठाला आठ लिहिलंय. आठ. आज किती घातलंस?"

उत्तरादाखल फक्त डब्याचं झाकण मिटल्याचा आवाज यायचा.

दोन महिने हे चाललं. मग एका रविवारी मी पानावर बसलेली असताना काकांनी आमटीचा घोट घेतला आणि वाटी बाजूला ठेवली.

"हे आठ नाहीत. हे सोळाच्या पुढे आहेत. आकडे वाचता येत नाहीत का तुला?"

काकू भात वाढत होत्या. त्यांनी डाव पातेल्यात ठेवला.

"नाही येत," त्या म्हणाल्या. "गौरी-गणपती झाल्यापासून नाही येत."

त्यांनी पदराला हात पुसले.

"काट्याकडे बघितलं की काटा दिसतो. ओटा दिसतो. तुमचा तक्ता आहे हेही दिसतं. पण जिथे बघावं तिथेच मधोमध डाग असतो. करडा. आकडा त्या डागात जातो. मग मी अंदाजाने सांगते तुम्हाला, आठ झाले म्हणून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं असतं."

काकांनी ती आमटी संपवली. सगळी. ताट उचललं, धुतलं आणि पालथं घातलं.  मी वर आले.

दुसऱ्या दिवशी ते काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. इंजेक्शनं देऊन पुढचं थांबवता येईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांनी किती टक्के गेलं ते विचारलं. काकू मला नंतर सांगत होत्या, "डॉक्टरीणबाई चांगली होती बिचारी. ती म्हणाली, अंकल, असा आकडा नसतो. तर हे म्हणाले, असतो, तुम्ही मोजलेला नाही."

आणि मग काकू म्हणाल्या होत्या तेच झालं. काकांनी त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. गॅस, उकळतं तेल, विळी. काकांची भीती खोटी नव्हती. तक्ता होताच, त्याप्रमाणे ते स्वतः करायला लागले. ते जेवण मी बरेच रविवार जेवले. त्यात चूक काढायला जागा नव्हती, आणि दुसऱ्यांदा मागून घ्यावं असंही काही नव्हतं. काकू पुढच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून असायच्या. अक्का येऊन शेजारी बसायच्या.  काकूंचे ब्लाउज खांद्यावर सैल झाले होते.

मी त्या दिवसांत एक बोलणारा वजनकाटा ऑनलाइन मागवून दिला. वजन ठेवलं की त्यातून एक बाई हिंदीत आकडा सांगायची. काकूंनी दोन दिवस वापरला आणि मला बोलावून परत दिला.

"ही फार बोलते," त्या म्हणाल्या. "माझ्या ओट्याशी दुसरी बाई नको मला. तिचं बोलणं यांच्यासारखंच आहे, शब्द सुटे सुटे."

मार्च की एप्रिल असेल. मी घरून काम करत होते. काका बँकेत गेले होते. सकाळी अकराच्या सुमारास खालून तुपावर रवा भाजल्याचा वास आला. काकांच्या हातचा वास असा येत नसे. ते घड्याळ लावून भाजायचे आणि दोन मिनिटं आधीच थांबायचे. मी जिना उतरून गेले तर काकू शेगडीपाशी उभ्या. पदर खोचलेला, मान किंचित तिरकी, कारण कडेने त्यांना थोडं दिसायचं.

"आलीस? उभी राहा हवं तर," त्या म्हणाल्या. "पण हात लावू नको कशाला."

रवा परतताना त्या मधूनमधून थांबून ऐकत होत्या. कच्चा रवा जड आवाज करतो, भाजला की सुटा, वाळूसारखा वाजतो, असं त्यांनी मला सांगितलं. दूध त्यांनी पातेल्याच्या कडेला बोट टेकवून ओतलं. साखर घातली, झाकण ठेवलं, गॅस बारीक केला, आणि ज्योत बारीक झाली की नाही ते वाकून कानाने तपासलं.

काका मागे कधी येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही. काकूंना कळलं होतं.

"झालंच आहे," त्या मागे न बघता म्हणाल्या. "मग बोला काय बोलायचं ते."

काकांनी चपला काढल्या. हातातली पिशवी खुंटीला लावली. मग त्यांनी विचारलं, "रवा किती घेतलास?"

"वाटीभर."

"वाटीभर म्हणजे किती?"

काकूंनी तीच वाटी डब्यात घातली, भरली, अंगठ्याने वरून सपाट केली आणि पुढे धरली. काकांनी पंखा बंद केला, काटा ओढला आणि मोजलं. "दीडशे. परत घे."

काकूंनी रवा डब्यात ओतून परत भरली. एकशे एकोणपन्नास.

"परत."

मला त्यांनी वही आणायला सांगितली. मी आकडे लिहीत गेले. दीडशे, एकशे एक्कावन्न, एकशे एकोणपन्नास, दीडशे. काकूंनी तीस वेळा ती वाटी भरली. घामाने त्यांच्या कानशिलाचे केस चिकटले होते, पण त्या थांबल्या नाहीत. तिसांत एकदाही वाटी दीडशेच्या पलीकडे-अलीकडे तीन ग्रॅमच्या वर गेली नाही. काकांनी वही पाहिली. मग आपली पितळी वजनं काढून काटा तपासला. काटा बरोबर होता. मग त्यांनी स्वतः दहा वेळा वाटी भरली, डोळ्यांनी बघून, चष्मा लावून. त्यांची एकशे एक्केचाळीसपासून एकशे अठ्ठावन्नपर्यंत गेली. तेही मला लिहायला लावलं.

त्यांनी दोन्ही आकड्यांच्या खाली स्वतः रेघ ओढली.

"हात स्थिर आहे," शेवटी म्हणाले.

त्यांच्या तोंडून माणसाबद्दल याहून मोठं काही मी कधी ऐकलं नाही. काकू म्हणाल्या, "शिरा गार होतोय."

आम्ही तिघांनी तो उभ्यानेच खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी तक्त्यातली सगळी वजनं मापांत बदलायला घेतली. ज्या वाटीवर त्यांचा राग होता, तिच्याच मागे ते लागले. प्रत्येक डब्यात त्या जिनसाचं स्वतःचं एक माप असावं, ते सपाट भरलं की दोन माणसांपुरतं अचूक वजन यावं, म्हणजे काकूंना आकडा वाचावाच लागणार नाही, असा बेत होता. तांदळाचं माप वेगळं, डाळीचं वेगळं, रव्याचं वेगळं, मिठाचं तर अंगुस्तानाएवढं. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन ते स्टीलचे पेले कापून आणत, घरी भरून मोजत, कानशीने कड घासत, परत मोजत. दांडीवर बोटाला लागतील अशा खाचा केल्या: तांदळाला एक, तूरडाळीला दोन, याप्रमाणे.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. तांदूळ आणि डाळी शहाण्यासारख्या वागल्या. पिठांनी छळलं. बेसन हलकेच भरलं तर एक वजन यायचं, डब्यात माप खुपसून भरलं तर पावपट जास्त, ठोकलं तर आणखी जास्त. काका हताश होऊन व्हरांड्यात यायचे. "पीठ खोटं बोलतं," मला म्हणाले एकदा. काकूंनी खुर्चीवरूनच सांगितलं, "आधी चाळा. मग चमच्याने भरा. ठोकू नका." त्यांनी तसं केलं आणि बेसन ताळ्यावर आलं. त्यानंतर ते अडले की काकूंना विचारायला लागले. मी वर बसून ऐकत असे. आधी दिवसाला एक प्रश्न, मग पाच, मग दोघं सकाळपासून ओट्यापाशीच.

चिंचेशी मात्र काका हरले. काकूंच्या आमटीला चिंच 'लिंबाएवढी' लागायची. काकांनी बाजारातून डझनभर लिंबं आणून मोजली. दोन लिंबं सारखी निघाली नाहीत. काकू हसल्या. इतक्या महिन्यांत त्या हसलेल्या मी पहिल्यांदा पाहिलं. "अहो, बाजारातलं लिंबू नव्हे. माझं लिंबू," असं म्हणून त्यांनी तीन बोटं आणि अंगठा जुळवून दाखवला. काकांनी तक्त्यात चिंचेपुढे ग्रॅमचा आकडा खोडला आणि लिहिलं, 'तिचा हात'.

मापं तयार झाली त्या रविवारी मी जेवायला होते. काका स्वयंपाकघरात गेले नाहीत. हॉलमध्ये पाठ करून बसले, वर्तमानपत्र घेऊन, आणि अर्धा तास त्यांनी पान उलटलं नाही. आत डब्यांची झाकणं उघडल्याचा, मिटल्याचा आवाज येत होता. एकदा काहीतरी पडलं. काका उठले, दोन पावलं गेले आणि परत येऊन बसले. जेवताना त्यांनी तीन वेळा आमटी मागून घेतली.

पुढे माझं ऑफिस बदललं आणि मी के. आर. पुरमला राहायला गेले. बेंगळुरूमध्ये तेवढ्या अंतरावर गेलेलं माणूस गावाला गेल्यासारखंच असतं. वर्षभर फक्त फोन झाले. गेल्या महिन्यात एका शनिवारी सवड काढून गेले. काकू थोड्या भरल्या होत्या. डाग तेवढाच राहिला होता, वाढला नव्हता. काका बाहेर गेले होते.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. काकू भाताला तांदूळ घेत होत्या. डबा उघडला, माप बाजूला सारलं, मुठीने तीन वेळा तांदूळ घेतले आणि चौथ्यांदा थोडे. मीठ चिमटीने.

"काकू, माप?"

"ते घरात असले की नुसतं हातात धरते की," त्या हळूच म्हणाल्या. "इतकं घासून घासून केलंय त्यांनी. पण उगाच वेळ जातो. तू बोलू नको हं."

काका आले, आम्ही जेवलो. जेवण नेहमीसारखं होतं, म्हणजे काकूंचं. निघताना काका मला फाटकापर्यंत सोडायला आले. फोनवर ऑटो यायला सहा मिनिटं दाखवत होती. त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं.

"ती मापं वापरत नाही," ते म्हणाले.

मी फोनवर ऑटो कुठे आली ते पाहिलं.

"तुम्हाला खोटं बोलायला नको. मला माहीत आहे. तांदळाचं माप वापरलं तर आतून पांढरं दिसतं, पूड लागते. आमचं लख्ख असतं. पहिल्या आठवड्यापासून." 

"मग तुम्ही काकूंना काही म्हणत नाही?"

"नाही."

ऑटो वळणावर दिसली. त्यांनी हात करून तिला थांबवलं, कुठे जायचं ते कन्नडमध्ये सांगितलं, आणि मी आत बसल्यावर खाली वाकून म्हणाले, "दोन महिने म्हणत होतो ना. दिसत नसलेल्या माणसाला."

मग ड्रायव्हरला "सरी, होगी", बरं, निघा, असं सांगून ते फाटकातून आत गेले. काकू व्हरांड्यात येऊन उभ्या होत्या, मान थोडी तिरकी करून. काकांनी त्यांना ऑटोचा रंग सांगितला आणि दोघं माझी गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले.